एम.एस्सी. अर्धी राहिलेल्या माझ्या मुलीला

चि. मीरा हिस,
अनेक आशीर्वाद.

संख्याशास्त्राचं एम.एस्सी. पुन्हा सुरू करावं का, हे तू परवा विचारलंस आणि मी 'लिहून कळवते' म्हणाले. फोनवर हे नीट बोलणं होत नाही. तू एक सांगत असतेस, मी भलतंच धरून बसते, तेवढ्यात ओवी हाक मारते. आणि 'कर गं, छान आहे' एवढं म्हणून मला मोकळं व्हायचं नव्हतं. दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे, पैशांचा आहे, तुझ्या झोपेचाही आहे.

बोलण्याच्या ओघात तू मला चार कारणं सांगितलीस. तुला ती एकच वाटली असतील, इतकी एकमेकांत मिसळलेली होती. मी ती सुटी करून बघितली.

पहिलं, तुला विमा कंपनीतल्या तुझ्या साहेबांचा उबग आला आहे. हे खरं आहे आणि मला ते कळतं, पण ते नोकरी बदलण्याचं कारण झालं. उद्या तुझी दुसऱ्या विभागात बदली झाली, समजूतदार माणसं भेटली, तर तू हा अर्ज भरशील का? उत्तर 'नाही' असेल तर पत्र इथेच बाजूला ठेव आणि बायोडेटा नीट करायला घे. मला वाटतं तुझं उत्तर 'हो' आहे, म्हणून पुढे लिहिते.

दुसरं कारण जास्त टोचणारं. तुझ्यानंतर लागलेली, एम.एस्सी. झालेली मुलं तुझ्या पुढे गेली. इथे जरा थांबायला हवं, कारण पदवी घेताना आपण दोन वेगळ्या गोष्टी विकत घेत असतो आणि त्या एकच समजतो. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात शिक्षणाकडे माणसातली गुंतवणूक म्हणून पाहिलं. शिकल्याने माणूस जास्त काही करू शकतो, म्हणून त्याला जास्त मिळतं. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू मांडली. नोकरी देणाऱ्याला समोरच्या अनोळखी माणसाची कुवत दिसत नाही. कुवत असलेल्याला पदवी मिळवणं इतरांपेक्षा कमी जड जातं, म्हणून ती पदवी कुवतीची खूण म्हणून चालते, मग त्यात काही शिकवलेलं असो वा नसो. या कामासाठी स्पेन्स यांना २००१ साली नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर.

आता हे तुझ्या बाबतीत लावून बघ. बावीस वर्षांच्या, कुणाला माहीत नसलेल्या मुलाला ती खूण फार उपयोगी पडते. तुझं मात्र नऊ वर्षांचं काम तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. त्यांना तुझी कुवत कागदावरून ओळखायची गरज नाही. तरीही तू मागे राहिलीस, तर खरंच पदवीमुळे राहिलीस का, हे आधी शोधायला हवं. वरच्या पदासाठी पदव्युत्तर शिक्षण हवं असा लेखी नियम आहे का ते बघ. नसेल, तर तुझ्या साहेबांच्याही वरच्या बाईंना सरळ विचार, 'माझ्याकडे एम.एस्सी. असती तर या वेळी माझं नाव आलं असतं का?' त्या अडखळल्या तर कारण दुसरं काही आहे. डॉक्टर, वकील, नर्स यांना पदवीशिवाय कायदा आतच येऊ देत नाही, तिथे वादच नाही. तुझं क्षेत्र तसं नाही. आणि विम्यातच राहून ॲक्चुअरी, म्हणजे विम्याची जोखीम गणिताने मोजणारी तज्ज्ञ, व्हायचं मनात असेल, तर त्यासाठी त्या व्यवसायाच्या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. एम.एस्सी. झाली म्हणून त्या टळत नाहीत, फार तर एखाद्या पेपरातून सूट मिळते. उलट या परीक्षा नोकरी करता करता देता येतात. मग वाट चुकीची धरली असं व्हायला नको.

तिसरं, अर्धवट राहिल्याची सल. ती मला ठाऊक आहे, आणि मी तिला हसणार नाही. पण गेलेलं वर्ष हे काही पुढच्या वर्षांचं कारण होऊ शकत नाही. ते कष्ट होऊन गेले. तू परत गेलीस तरी ते परत मिळत नाहीत, नाही गेलीस तरी जास्त बुडत नाहीत. तू त्या ब्रायन मे यांचं उदाहरण दिलंस. 'क्वीन' बँडचे गिटारवादक, १९७० च्या दशकात पीएच.डी. सोडून संगीतात गेले आणि २००७ मध्ये खगोलशास्त्रातला तो प्रबंध पूर्ण केला. उदाहरण खरं आहे. पण त्यातली एक गोष्ट लोक सांगत नाहीत. ते ज्या विषयावर काम करत होते, सूर्याभोवतीच्या धुळीच्या ढगावर, त्यावर मधल्या काळात फारसं संशोधनच झालं नव्हतं, म्हणून त्यांचं जुनं काम कालबाह्य ठरलं नाही. शिवाय त्यांना पगाराची चिंता नव्हती. संख्याशास्त्र या वर्षांत तुझ्यासाठी थांबून राहिलेलं नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

म्हणून विद्यापीठाला पहिला प्रश्न हाच विचार, की तुझ्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाची विद्यापीठाकडची नोंद, अजून धरले जातील का. बऱ्याच ठिकाणी त्यांना मुदत असते. उत्तर लेखी घे. तोंडी 'हो, होऊन जाईल' वर अर्ज भरू नकोस.

आता चौथं. तू हे सगळ्यात शेवटी, जाता जाता म्हणालीस. 'आई, मी आकडे भरते, मॉडेल उत्तर देतं. कधी कधी ते उत्तर चुकीचं आहे असं मला आतून वाटतं, पण का चुकीचं आहे ते मला मांडता येत नाही.'

मीरा, माझ्या मते तुझं खरं कारण हे एकच आहे. बाकीची तीन गळून पडली तरी हे उरतं. मी तुझ्या कामाबद्दल थोडं वाचलं. विम्याचे हप्ते ठरवायला तुम्ही जी जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल (अनेक गोष्टींवरून एका गोष्टीचा अंदाज बांधणारी गणिती सूत्रं) वापरता, ती १९७२ मध्ये नेल्डर आणि वेडरबर्न यांनी मांडली. ती आतून समजायची तर संभाव्यतेची वितरणं, लाइकलीहूड (हाती आलेले आकडे एखाद्या मॉडेलनुसार कितपत शक्य आहेत याचं माप) आणि मॅट्रिक्सचं, म्हणजे आकड्यांच्या चौकटींचं, गणित पक्कं हवं. अभ्यासक्रम उघडून बघितला तर यातलं बरंच दुसऱ्या वर्षात आहे, म्हणजे नेमकं तू सोडलंस तिथपासून पुढे. त्यामुळे तुझी भूक आणि तिथे मिळणारं शिक्षण यांचा मेळ बसतो, आणि असा मेळ सगळ्यांच्या नशिबी नसतो. नुसतं 'काहीतरी पुढचं शिकायचंय' म्हणून आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना पहिल्या सत्रानंतर कळत नाही की आपण इथे का बसलोय.

हे पदवीशिवायही शिकता येईल, असं समीर म्हणतो. त्याचं म्हणणं चूक नाही. पुस्तकं आहेत, मोठ्या विद्यापीठांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. पण माझ्यासारख्या गणित शिकवणाऱ्या बाईचं ऐक. सिद्धता वाचून 'कळलं' वाटणं आणि कोऱ्या कागदावर ती लिहिता येणं यांत फार अंतर आहे, आणि आपली चूक आपल्याला सहसा दिसत नाही. कुणीतरी तुझी वही तपासून 'ही पायरी तू गृहीत धरलीस' असं सांगायला हवं. पदवीच्या अभ्यासक्रमात मला सर्वात मोलाचं हेच वाटतं. म्हणून कुठे जायचं ते निवडताना इमारत आणि जाहिरात बघू नकोस. गृहपाठ कोण तपासतं, किती दिवसांत परत देतं आणि शंका विचारायला माणूस असतं का, ते बघ. शेवटच्या तुकडीतल्या दोघांना गाठून विचार.

तू म्हणालीस, 'मला आता काही आठवत नाही.' हर्मन एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विसरण्याबद्दल लिहिलं, ते तुला ठाऊक असेल. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. त्यांनी आणखी एक मोजलं होतं. एकदा पाठ केलेलं, नंतर आठवत नसलं, तरी दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे जे आठवत नाही ते सगळंच पुसलं गेलेलं नसतं. वेग थोडा कमी झाला असेल, ते मान्य कर. त्या बदल्यात तुझ्याकडे नऊ वर्षांचे खरे आकडे आहेत. वर्गातल्या इतरांना 'आउटलायर', म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेला आकडा, ही नुसती व्याख्या असेल. तू असे विम्याचे दावे हाताने तपासले आहेस.

वेळेचं मात्र निष्ठुरपणे मोज. युरोपातल्या पद्धतीत पूर्णवेळ शिकणाऱ्याचे वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. तास, गृहपाठ, परीक्षेची तयारी सगळं धरून. म्हणजे वर्षाचे १५०० ते १८०० तास. नोकरी करून तू आठवड्याला १२ तास काढलेस, आणि ते काढणं सोपं नाही, तरी एका वर्षाच्या अभ्यासाला १२५ ते १५० आठवडे लागतात. जवळजवळ अडीच ते तीन वर्षं. जुने क्रेडिट मिळाले नाहीत तर याच्या दुप्पट. कुणी 'नोकरी सांभाळून वर्षभरात उरलेलं पूर्ण' म्हणत असेल तर दोनच शक्यता आहेत. एकतर ते तुझ्याकडून आठवड्याला तीसेक तास मागणार आहेत आणि ते तुला सांगत नाहीयेत, नाहीतर तिथे शिकवणंच पातळ आहे.

पूर्णवेळ जायचं, तर फी हा खर्चाचा दिसणारा भाग. खरा मोठा खर्च न मिळालेल्या पगाराचा, चुकलेल्या वाढीचा आणि त्या काळात न साठलेल्या निवृत्तीच्या पैशांचा असतो. कर्ज घेतलंस तर हप्ते पुढे सुरू होतात, पण व्याज बहुधा आधीच चढायला लागतं, ते विचारून घे. ऑफिस फी देत असेल तर किती वर्षं तिथे राहण्याचं बंधन लिहून घेतात तेही वाच. हिशेब करताना पदवीनंतर पगार वाढेल हे आधी शून्य धर. तरीही करावंसं वाटतं का बघ, मग वाढीचा विचार कर.

रात्रशाळेत मी शिकवायचे तेव्हा दिवसभर काम करून आलेली मोठी माणसं समोर असायची. मधूनच शिकणं सोडणारी माणसं मंद नव्हती, कित्येकदा तीच हुशार असायची. व्हायचं असं, की घरी काही अडचण आली की आठवडा बुडायचा. पुढच्या आठवड्याचं कळायचं नाही, विचारायची लाज वाटायची, म्हणून आणखी एक दिवस घरी. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, इच्छा संपली. जी टिकली त्यांच्या घरी कुणीतरी 'आज काय शिकवलं?' असं विचारणारं असायचं, अगदी त्यातलं काही न कळणारंसुद्धा. दूरशिक्षणात मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण साधारणपणे जास्त असतं, त्यामागेही मला हेच दिसतं. बुडालेला आठवडा कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून समीरशी बोलताना 'चालेल ना?' असं विचारू नकोस. 'चालेल' म्हणणं सोपं असतं. कोणत्या दोन संध्याकाळी ओवीचं सगळं त्याच्याकडे, परीक्षेच्या महिन्यात घरातलं कोणतं काम सोडून द्यायचं, हे ठरव. शनिवारची दुपार माझी. याहून जास्त मी कबूल करत नाही, कारण गुडघे साथ देतील तेवढंच मी म्हणते आहे, आणि जे म्हणते ते नक्की.

माझं मत विचारशील तर, परत जा. पण नोकरी सोडू नकोस आणि सगळे पेपर एकदम घेऊ नकोस. आधी एकच विषय घे, संभाव्यता, आणि घेताना त्याचे क्रेडिट पुढे एम.एस्सी.त धरले जातील एवढं बघ. एका सत्रात तुला दोन गोष्टी कळतील: आठवड्याचे तास खरंच निघतात का, आणि रात्री उशिरा तो कागद पुढे घेतल्यावर तुला आनंद होतो की नुसतं ओझं वाटतं. ओझं वाटलं तर सोड, माझ्याकडून एक शब्द येणार नाही. तुझ्या साहेबांना खोटं पाडायला किंवा मला बरं वाटावं म्हणून तू शिकावंस असं मला मुळीच वाटत नाही.

अर्जाची तारीख जवळ आली आहे, तेव्हा क्रेडिटचं पत्र विद्यापीठाला आजच पाठव. आणि संभाव्यतेच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर मलाही पाठव. चष्म्याचा नंबर वाढलाय, जरा मोठ्या अक्षरात छाप.

ओवीला गोड पापा. समीरला आशीर्वाद.

तुझी,
आई