गिऱ्हाइकाच्या घरातली वही

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, आमच्या किराणा दुकानाबद्दल एवढं लिहिण्यासारखं काय आहे, मीठ-मिरची विकली एवढंच ना. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सवडीनं वाच.

मी सुरुवात सुप्यापासून करतोय. आपण लहानपणी बाजाराला जायचो, तेच पुणे जिल्ह्यातलं सुपे. 12 मे 1875 रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी तिथं जमले आणि वाण्या-सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं गेलं, पण लोकांना खरे हवे होते ते कागद: गहाणखतं, कर्जाचे रोखे, हिशेबाच्या वह्या. ज्यानं ते मुकाट्यानं काढून दिले त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी बोट लावलं नाही. कागदांची मात्र होळी झाली. तिथून ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. सरकारी दप्तरात त्याचं नाव ‘दख्खनचे दंगे’.

कारण दूरवर होतं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानं हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव बसला, त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला, आणि नेमकं तेव्हाच सावकारानं हात आखडता घेऊन जुन्या बाकीचा तगादा लावला. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं रोखा तीन वर्षांनी बाद व्हायचा. हेतू कुणब्याला वाचवायचा होता, पण झालं भलतंच. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहायचा आणि त्यावर अंगठा घ्यायचा. वर काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. ज्यांच्या वह्या जळाल्या ती माझ्याच धंद्यातली माणसं, तरी मला तो राग रास्त वाटतो. आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदावर आपलं रान जाणार असेल, तर माणूस दुसरं काय करेल?

मग 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा आला. त्यातलं एक प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं. पैसे भरले की पावती द्यायची, वर्षाला हिशेबाचा उतारा द्यायचा, आणि शेतकऱ्यानं मागितलं तर त्याचं खातं वेगळ्या पुस्तिकेत लिहून ती त्याच्या हाती द्यायची. वाचताना मला तुमच्या घरातली ती छोटी वही आठवली.

आजोबांची मोठी वही तू पाहिलीयस. लाल कापडाची बांधणी, पानांना सळ पाडलेले, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि सगळं मोडी लिपीत. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाळबोध (देवनागरी) अक्षर धरलं आणि बांधलेल्या खात्याच्या प्रत्येक घरी एक लहान वही दिली. दुकानातल्या वहीत जे चढेल तेच त्या वहीत चढायचं, गिऱ्हाइकासमोर. तुझी आई ती पिठाच्या डब्यामागं ठेवायची. वाचायचं काम तुझं. दुकानाच्या पायरीवर उभा राहून तू मोठ्यानं म्हणायचास, ‘गूळ दोन किलो, घासलेट दोन बाटल्या, कंदिलाची काच एक.’ तुझं वाचून होईपर्यंत दादा तागडीला हात लावत नसत. मागं कितीही माणसं खोळंबू देत. तुझी आई मान हलवायची, मगच पान मिटायचं.

तो काळच उधारीचा होता. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आपल्या शिवाराला कधी लागलं नाही. बाजरी आणि शाळू, मध्ये थोडी मटकी-हुलगा, एवढ्यावर वर्ष. पैसा सुगीला एकदाच दिसायचा, पण मीठ-तेल तर रोजच लागायचं. बायका ओट्यात धान्य घेऊन यायच्या. दादा ते मापट्यानं मोजून घ्यायचे आणि त्या बदल्यात तेल-मीठ द्यायचे. बैलाची वेसण, पोळ्याचा हिंगूळ आणि गोंडे, काथ्या, फुलवाती, सगळं त्या दहा बाय बारात. मयताचं सामान तर मध्यरात्रीही द्यायचं, आणि ते कुणी मागायला आलं की दादा वहीकडे बघायचेसुद्धा नाहीत. हिशेब तेराव्यानंतर.

दुकान म्हणजे धर्मादाय नव्हतं, हेही लिहायला हवं. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असायचा. दादांनी तो कधी लपवला नाही; दोन्ही भाव तोंडावर सांगायचे.

वजनं बदलली तेव्हाची हकीकत आजी सांगायची. 1957 च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, पुढच्या वर्षीपासून टप्प्याटप्प्यानं किलो. शेर म्हणजे 933 ग्रॅम, म्हणजे किलो त्याहून मोठा. तरी बायकांची खात्री, की नव्या मापात वाणी मारतोय. आजोबांनी तागडीच्या एका पारड्यात जुना शेर आणि दुसऱ्यात किलो ठेवून दाखवला. किलोचं पारडं खाली गेलं, आणि ज्याला शंका येईल त्यानं स्वतः तागडी धरून बघावं म्हणून तो शेर कितीतरी दिवस तिथंच राहिला.

1972 चा दुष्काळ तुला-मला अर्धवट आठवतो. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून सोललेले मोठ्या माणसांचे हात. त्या सालची पानं मी आता उघडून बसलोय. नावेच्या बाजूला ओळीमागून ओळी, जमेची बाजू कोरी. मध्येच कामाचा पगार झाला की चार-दोन रुपये जमा. दादांनी माल बंद केला नाही. पण दादाही कुणाचे तरी देणेकरी होतेच. तालुक्याचा भुसार व्यापारी थांबायला तयार नव्हता, तेव्हा आईच्या पाटल्या गेल्या. उधारीची साखळी अशी वर-वर चढत जाते. गावात खालच्या टोकाचं दुःख सगळ्यांना दिसायचं, मधल्याचं आईला ठाऊक होतं.

त्यानंतरचा मोठा बदल संकरित गाईनं केला, असं माझं ठाम मत आहे. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येऊ लागलं आणि वर्षाची उधारी दहा दिवसांवर आली. लोक सुगीचं नाव घ्यायचे थांबले, ‘दुधाचं बिल झालं की’ म्हणू लागले. बाई स्वतः डेअरीत दूध घालू लागली, तशी खात्यावर बाईची नावं चढली. मला त्याचा फार आनंद आहे.

पुढचं तुला माहीतच आहे. शाम्पूच्या पुड्या, मोटारसायकलवरून ऑर्डर घ्यायला येणारी पोरं, तालुक्याला मॉल, गल्ल्यावर क्यूआर कोड. पैसे मोबाईलवर येतात, उधारीही मोबाईलमध्येच लिहिली जाते. पण तो मोबाईल दुकानदाराचा. गिऱ्हाइकाला मेसेज जातो, पण तो वाचून दाखवायला घरात कुणी असतंच असं नाही. म्हणून माझ्या पोराला सांगितलंय, म्हाताऱ्या माणसांच्या खात्याला कागदाची वही चालूच ठेवायची. तो ठेवतो.

आता तुझ्याकडे काम. तुमच्या घरच्या त्या लहान वह्या आईच्या ट्रंकेत असतील, टाकून देऊ नकोस. दुकानातली 1972-73 ची वही वाळवीनं खाल्लीय, मधली पानं गेलीत, आणि तेवढा हिशेब आता फक्त गिऱ्हाइकांच्या घरातच सापडेल. जमलं तर पानांचे फोटो पाठव, नाहीतर दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. लक्ष्मीपूजनाला मोठ्या वह्यांशेजारी ठेवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पायरीवरचा सोबती