व्हिसा नको, फक्त परवानगी हवी! परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात चेक-इन काउंटरवरून माझ्या आईला परत पाठवले. आम्ही निघालो होतो त्या देशात आपल्या पासपोर्टला व्हिसा लागत नाही. अशा देशांची यादी लांबली की केवढा जल्लोष होतो, हे आपणास सांगायला नको. त्या देशाचे नाव मुद्दाम घेत नाही. माझे भांडण त्याच्याशी नाही.

व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन परवानगी लागते. ती आम्ही सगळ्यांनी मुदतीच्या बरीच आधी, एकाच कार्डावरून पैसे भरून मागितली. बाकीच्यांची आली. आईच्या अर्जापुढे 'प्रक्रियेत' असे उमटले आणि ते तिथेच ठाण मांडून बसले. कारण विचारायची सोय त्या संकेतस्थळावर नाही. दूतावासाला फोन केला, तर व्हिसामुक्त प्रवाशांचे अर्ज आमच्याकडे येतच नाहीत, हे उत्तर. ईमेलला एका यंत्राने माझे आभार मानले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सिस्टीममध्ये मंजुरी दिसल्याशिवाय बोर्डिंग पास निघत नाही. तिचेही खरेच. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला, आणि त्याला परत आणायचा खर्चही तिच्याच माथी. सीमेवरच्या अधिकाऱ्याचे काम आता हजारो मैल अलीकडे, काउंटरवरच्या मुलीकडून फुकटात उरकून घेतले जाते.

आईने मला बाजूला घेऊन विचारले, "माझ्या नावावर काही केसबीस आहे का रे?" ग्रंथालयाचे पुस्तकसुद्धा कधी उशिरा परत न केलेली बाई! मागच्या रांगेतले लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मला अजून झोपू देत नाही. बाकीचे गेले, मी तिला घेऊन घरी आलो. शेजाऱ्यांना काय सांगायचे, याची तिने टॅक्सीतच तयारी केली: तब्येत बरी नव्हती म्हणायचे. खोटे बोलायची वेळ तिच्यावर आली, महोदय, आणि ती का आली हे सांगायला जगात एक माणूस मिळेना.

पुढचा अंक विम्याचा. व्हिसा नाकारला गेला तर भरपाई, असे पॉलिसीत छापलेले होते. क्लेम केला. उत्तर आले की ही परवानगी म्हणजे व्हिसा नव्हे, शिवाय ती नाकारलेलीही नाही, फक्त प्रलंबित आहे. वा! विमानात चढताना ती व्हिसापेक्षा कडक, आणि पैसे परत मागताना ती व्हिसाच नाही. एवढी सोयीची वस्तू मी आजवर पाहिली नव्हती.

हे लोण आजचे नाही. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये सुरुवात केली. अमेरिकेने २००९ पासून आपल्या व्हिसामुक्त पाहुण्यांवर 'एस्टा' नावाची अशीच ऑनलाइन परवानगी सक्तीची केली. २०१० मध्ये तिचे १४ डॉलर, २०२२ मध्ये २१, आणि सप्टेंबर २०२५ अखेर थेट ४०. त्या पहिल्या १४ पैकी १० डॉलर होते 'अमेरिकेला या' अशी जाहिरात करण्यासाठी! ब्रिटनने १० पौंडांनी दुकान उघडले आणि एप्रिल २०२५ मध्ये १६ केले. युरोपची तर कमालच: २०१८ च्या कायद्यात 'एटियास' या तिथल्या परवानगीचे ७ युरो ठरले होते, पण योजना सुरू व्हायच्या आधीच ते २० करायचे ठरले. केनियाने जानेवारी २०२४ पासून साऱ्या जगाला व्हिसामुक्त केले आणि त्याच दमात बहुतेक पाहुण्यांकडून ३० डॉलरची ऑनलाइन परवानगी मागितली. याला लाखो प्रवाशांनी गुणा. मी त्या भानगडीत पडत नाही, माझे विमानाचे पैसे बुडाले तेवढे गणित मला पुरे आहे.

थायलंड, मलेशिया निदान फुकट फॉर्म भरून घेतात. पण तोही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन. आणि फुकट म्हणावे तर त्या फॉर्मचे पैसे घेणारी हुबेहूब संकेतस्थळे शोध घेतल्याबरोबर सामोरी येतात. ज्यांना स्मार्टफोनशी झटापट जमत नाही त्यांनी काय घरी बसायचे?

तुम्ही म्हणाल, हे परक्या देशांचे नियम, आम्ही काय करणार? पण तुमचेही हात कोरडे नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये आपण परदेशी पर्यटकांसाठी 'आगमनानंतर व्हिसा' जाहीर केला होता, आणि त्यासाठी विमानात बसण्यापूर्वी ऑनलाइन परवानगी घ्यायची अट होती. काही महिन्यांतच त्याचे नाव बदलावे लागले. म्हणजे हा खेळ तुम्हाला चांगला ठाऊक आहे.

मुळात प्रत्येक सरकारला एकच शोध लागला आहे: माणूस हटवला की जबाबदारीही हटते. खिडकीमागे कारकून होता तेव्हा तो खेकसायचा, पण त्याच्याशी भांडता यायचे, त्याच्या साहेबाकडे जाता यायचे. आता साहेबही नाही आणि खिडकीही नाही. पासपोर्ट असो, पेन्शन असो की रेशन, 'सर्व्हर डाउन' हा सगळ्यात वरिष्ठ अधिकारी झाला आहे. त्याची बदलीही होत नाही.

माझ्या मागण्या खरे तर चिमूटभर आहेत. एखादा देश व्हिसामुक्त झाल्याची घोषणा कराल, त्याच दिवशी तिथे काय भरावे लागते, किती दिवस आधी, किती पैशांत आणि नेमक्या कोणत्या अधिकृत संकेतस्थळावर, हे मराठीसह सगळ्या भाषांत छापा. असा करार करताना, अर्ज लटकला तर विचारायला एक जिवंत माणूस द्या, अशी अट घाला. आणि विमा कंपन्यांचा हा 'व्हिसा नव्हे'चा खेळ थांबवायला अर्थमंत्र्यांना सांगा. तुमची त्यांची भेट होत असेलच.

उत्तर पाठवणार असाल तर खाली सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि उचलला जाणारा फोन नंबर असू द्या.

आपला,
एक पासपोर्टधारक