अनोळखी नावाचे फोनो मोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या हॉटेलांत आणि मंगल कार्यालयांत दर्शनी भागात कुत्रा-छाप, म्हणजे एचएमव्ही कंपनीचे चिन्ह असलेले फोनो (चावीचे ग्रामोफोन) ठेवण्याची हौस वाढली आहे. चकचकीत पितळी कर्णा, सहाकोनी पेटी, वर कुत्र्याचे चित्र. हौसेला हरकत नाही. पण या नव्या पेट्यांच्या पोटातले यंत्र अनेकदा एखाद्या अस्सल, फक्त फारसे नाव नसलेल्या कंपनीच्या फोनोतून काढलेले असते. मोटर, तबकडी फिरवणारी थाळी आणि साउंडबॉक्स (पिन बसवायची, आवाज उमटवणारी गोल डबी) काढून घेतले की मूळ पेटी सरपणात जाते. ‘एचएमव्ही नाही ना, मग काय किंमत?’ असे सांगून भंगारवाले घरोघरचे असे फोनो किलोच्या भावाने नेतात. हे थांबायला हवे, म्हणून हे पत्र.

निजामी राजवटीत मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गाने आपल्याकडे मुंबईचा आणि हैदराबादचा, दोन्हीकडचा माल येई. म्हणून इथल्या वाड्यांत एकाच छापाचे फोनो सापडत नाहीत. पुष्कळ पेट्यांवर कारखान्याऐवजी विकणाऱ्या दुकानाचीच पट्टी असते. खरा बनवणारा कळतो तो थाळी उचलल्यावर. थाळी दोन्ही हातांनी समोरासमोर धरून सरळ वर उचलावी आणि खालच्या पत्र्यावर, मोटरच्या सांगाड्यावर ठसा शोधावा. थोरेन्स आणि पायार या स्वित्झर्लंडमधल्या सेंत-क्रुआ गावच्या कंपन्या, मूळच्या संगीतपेट्या बनवणाऱ्या. गॅरार्ड आणि कोलारो इंग्लंडच्या. यांच्या मोटरी कितीतरी छोट्या व्यापाऱ्यांच्या पेट्यांत बसत. थोरेन्सचा ‘एक्सेल्डा’ मिटला की घडीच्या कॅमेऱ्यासारखा दिसतो. पायारने बनवलेला ‘मिकीफोन’ पानाच्या डब्याएवढ्या गोल डब्यात मावतो. अशा वस्तू फोनो म्हणून ओळखूच येत नाहीत आणि अडगळीबरोबर जातात.

जोडकाम ओळखायला फार विद्या लागत नाही. जुने चित्र लाकडावर उमटवलेले असते, त्याची कड नखाला लागत नाही. कागदी स्टिकरची लागते. कर्णा पितळी आहे म्हणून यंत्र नकली ठरत नाही, सुरुवातीच्या काही यंत्रांना तो होताच. मात्र कर्ण्याचा खालचा बाक खडबडीत ओतीव असेल, पेटी प्लायची असेल आणि दहा इंची तबकडी थाळीच्या बरीच बाहेर येत असेल, तर आत सुटकेस फोनोची मोटर आहे असे समजावे.

आता दुरुस्तीचे. वाजताना पेटीतून थोड्या थोड्या वेळाने ‘ठक्’ असा आवाज आला की लोक कमान (चावीने आवळली जाणारी, मोटर फिरवणारी स्प्रिंग) तुटली समजून मोटर फेकतात. बहुतेकदा कमान शाबूत असते. तिच्यातले ग्रीस वाळून वेढे एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटतात, त्याचा तो आवाज. मोटर उघडण्याआधी ब्रेक सोडून थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यावी. हे न करता कमानीची डबी उघडली तर बोटे जातील. मोकळी झाल्यावरही कित्येक फूट लांबीची ती पोलादी पट्टी डबीत दाबून बसलेलीच असते. जाड हातमोजे घालून, वर गोणपाट धरून, आतल्या टोकाकडून एकेक वेढा सावकाश बाहेर घ्यावा. रॉकेलने धुवावी, कोरडी पुसावी आणि ग्रॅफाइट मिसळलेले ग्रीस लावून परत गुंडाळावी. टोकाशी तुटली असेल तर शेवटचे दोन इंच तापवून मऊ करावे आणि नवे छिद्र पाडावे. मधोमध तुटलेली बदलावीच लागते. वेल्डिंग टिकत नाही. नवी घेताना रुंदी, जाडी, लांबी आणि डबीचा आतला व्यास ही चारही मापे न्यावीत.

सूर लाटेसारखा वरखाली होत असेल तर वेग एकसारखा राखणारा गव्हर्नर बघावा. त्याची तीन वजने तीन पातळ पट्ट्यांवर असतात. एक पट्टी तुटली तरी तिन्ही एकाच जाडीच्या बदलाव्यात, नाहीतर तोल जातो. चामड्याच्या गादीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. वेग जुळवताना तबकडीखाली चिठ्ठी अडकवून, पिन टेकवून, 30 सेकंदांत 39 फेरे मोजावेत, म्हणजे मिनिटाला 78. पिन न टेकवता मोजलेला वेग फसवा असतो, कारण पिनेच्या भाराने थाळी मंदावते.

आवाज चिरका असेल तर साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या चकतीभोवतीच्या रबरी नळ्या दगड झालेल्या असतात. सुमारे 3 मिमी जाडीची मऊ नळी मिळवून दोन्ही बाजूंनी बसवावी. स्क्रू मात्र जपून. 1920-30 च्या काळातल्या स्वस्त यंत्रांचे ओतीव जस्ताचे भाग वयोमानाने फुगतात, तडकतात. जोर लावला की तुकडे होतात आणि त्यांना डाख लागत नाही.

पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवी लावावी. पाथेच्या जुन्या तबकड्यांना ती लावूच नये. त्यांची खाच खोलीत वरखाली कोरलेली असते, तिला नीलमण्याचे गोल टोक लागते. एलपी तर या यंत्रावर ठेवूच नये. शंभर ग्रॅमच्या वर भार तिच्यावर पडतो. तबकडी आणि पेटीचे जुने पॉलिश दोन्ही लाखेचे, म्हणून स्पिरिट किंवा सॅनिटायझर वर्ज्य. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात तबकड्या वाकतात. त्या आतल्या भिंतीच्या खणात उभ्या आणि घट्ट लावाव्यात.

विकायचाच झाला तर फोनो सबंध विकावा. हँडल दोरीने पेटीतच बांधावे. एकाचे आटे दुसऱ्याला बसत नाहीत. दुकानाची पट्टी खरवडू नये. ती कोणत्या गावची आहे यावरून इथला माल कुठून येत होता ते कळते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे सरकारी संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिले. आपल्याकडच्या संग्रहालयांनी असे दोन-चार फोनो, पट्टीसकट आणि चालू स्थितीत, ठेवायला काय हरकत आहे?

आपणही रविवारच्या पुरवणीत वाचकांकडून त्यांच्या घरच्या फोनोंची छायाचित्रे मागवावीत, ही विनंती. एक पेटीचे, एक दुकानाच्या पट्टीचे आणि एक थाळीखालच्या ठशाचे.

आपले,
जुन्या फोनोंचे संग्राहक व दुरुस्तीकार,
जालना आणि परभणी