नावं न सांगताच निघून गेलेल्यांचे आभार

अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळ गटारात अडकलेलं कुत्र्याचं तांबूस पिल्लू ज्यांनी ज्यांनी वाचवलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. पाळी सुटल्यावर घरची वाट सोडून कामगार दादांनी गटारावरची फरशी उचलली. रिक्षावाल्या मामांनी दवाखान्यापर्यंत आणून सोडलं. भाडं विचारलं तर म्हणाले, "पैशाचं राहू द्या की ओ, आधी त्याचं बघा." आणि त्या मावशी! चांगली जाडजूड चादर त्यांनी पिल्लाभोवती गुंडाळली. सोलापुरात चादरींना तोटा नाही हे खरं, पण म्हणून घरातली कुणी अशी काढून देत नाही. सलाइन लावलेला पाय हलू नये म्हणून एक कॉलेजचा पोरगा बाटली संपेपर्यंत तो धरून बसला होता. दुसऱ्या हाताने कानामागचे गोचीड वेचत.

पिल्लू आता ठणठणीत आहे. मादी, साधारण साडेतीन महिन्यांची. रेबीजची लस झाली, पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजारांवरच्या लसीचा शेवटचा डोस बाकी आहे. दहीभात खाते, उकडलेलं अंडं तर हातातून ओढून घेते.

तिला कायमचं घर हवंय. गावठी आहे, त्यामुळे आपला उन्हाळा केसाळ विलायती कुत्र्यांपेक्षा तिला सोसेल. तरी सावली आणि पाणी लागेलच. दिवसभर साखळीला बांधणार असाल तर कृपया नको. वयात आल्यावर नसबंदी करायची तयारी ठेवा, आणि न्यायला येण्याआधी घरात सगळ्यांना विचारून या.