पदवी चाललीय, मी अजून इथेच आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, रविवारी तुम्ही तावातावाने बोललात आणि माझं ऐकून न घेताच फोन आईच्या हातात दिलात. म्हणून सविस्तर लिहितेय. कागदावरचं तुम्ही शेवटपर्यंत वाचता, मध्येच तोडत नाही.

तुमचं म्हणणं असं की, आपल्या विद्यापीठाने शिक्का मारून दिलेली पदवी कॅनडातल्या कुठल्याशा संस्थेने का म्हणून तपासायची? पण ही परीक्षा माझ्या हुशारीची नाही आणि विद्यापीठाच्या अब्रूचीही नाही. कागद खरा आहे ना, आणि तिकडच्या कोणत्या शिक्षणाच्या तोडीचा आहे, एवढंच त्यांना ठरवायचं असतं. खोटे दाखले कसे तयार होतात हे कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला मी काय सांगू!

या तपासणीला ईसीए म्हणतात आणि कॅनडा सरकारने नेमलेल्या मोजक्या संस्थाच ती करतात. कदमकाकांचा डॉक्टर भाचा सांगतो ते त्याच्यापुरतं बरोबर आहे. डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाकडे जावं लागतं, फार्मासिस्टना त्यांच्या परीक्षा मंडळाकडे. वकिलांसाठी असं वेगळं दार नाही. आम्ही बी.ए., बी.कॉम.वाल्यांच्याच रांगेत.

मग एवढा खटाटोप कशाला? गुणांसाठी. तिकडे कायमचं राहायला येणाऱ्यांची निवड करायला २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री नावाची पद्धत आहे. वय, भाषा, शिक्षण, अनुभव यांचे गुण मिळून क्रमवारी लागते आणि वरच्यांना बोलावणं येतं. नवरा-बायको मिळून जाणार असतील तर मुख्य अर्जदाराला एका पदवीचे ११२ गुण, दोन पदव्यांचे ११९ (त्यातली एक किमान तीन वर्षांची हवी), आणि मास्टर्सचे १२६. ज्या व्यवसायाला परवाना लागतो त्याच्या पदवीलाही १२६ मिळू शकतात आणि त्या यादीत वैद्यकीय, दंतवैद्यकीय यांच्या जोडीला कायदा आहे. मात्र अहवालात तसं स्पष्ट लिहून यायला हवं. ‘बॅचलर्स’ एवढंच आलं तर गुणही तेवढेच. सगळा जीव त्या एका ओळीत आहे, आणि ती ओळ माझ्या हातात नाही. म्हणून मी बी.ए.चीही तपासणी सोबत करून घेतेय. एरवी फक्त सर्वांत वरच्या पदवीचा अहवाल पुरतो, पण दोन पदव्यांचे गुण मागायचे तर दोन्हींचे अहवाल लागतात. निखिलच्या पदवीचाही करतोय. जोडीदाराच्या शिक्षणाला फार तर १० गुण, पण क्रमवारीत माणूस एका गुणानेही मागे राहतो.

आणि हो, तुम्हाला फोन करणारा तो एजंट. ‘हमखास १२६ मिळवून देतो’ म्हणाला ना? हे गुण कुणी मिळवून देत नसतं. पैसे घेऊन असा सल्ला द्यायचा तर तिथला वकील किंवा परवानाधारक सल्लागारच असावा लागतो. त्याचा नंबर ब्लॉक करा.

आता आई, हे तुझ्यासाठी. तू मावशीला सांगून मोकळी झालीस की लेक कॅनडात वकील होणार. एवढ्यात सांगत सुटू नकोस गं. हा अहवाल आला म्हणजे मी तिकडची वकील झाले असं नाही. तो फक्त स्थलांतराच्या अर्जापुरता. कोट घालून तिथल्या कोर्टात उभं राहायचं तर सगळी वाटच निराळी आहे.

ती वाट अशी. नॅशनल कमिटी ऑन अॅक्रेडिटेशन म्हणून एक समिती आहे, थोडक्यात एनसीए. ती माझी एलएल.बी. पुन्हा पहिल्यापासून पाहणार. ईसीएचा अहवाल तिथे कामाचा नाही. मग ती सांगणार, अमुक विषयांच्या परीक्षा द्या. बाहेरून आलेल्यांच्या वाट्याला सहसा तिकडची राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कायद्याचा पाया आणि वकिली व्यवसायाची नीतिमत्ता हे विषय येतातच. बाकीचे आपण कुठे, कसे, किती वर्षं शिकलो त्यावर. ते सुटलं की प्रमाणपत्र, मग त्या त्या प्रांताच्या लॉ सोसायटीचे (आपल्या बार कौन्सिलसारखी संस्था) नियम, तिच्या परीक्षा, आणि कुणा वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. क्युबेक तर यात धरायचंच नाही, तिथला दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा.

बाबा, तुम्हाला हा अपमान वाटणार. दहा वर्षांहून जास्त वकिली केलेल्या मुलीने पुन्हा परीक्षेला बसायचं? पण कायदा सीमेवर थांबतो हो. इंजिनिअरचा पूल दोन्हीकडे त्याच नियमाने उभा राहतो, आमचं कलम राहत नाही. अहो, देश न बदलताही आमच्यावर ही पाळी आलीच की. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. भाषेतले चारसोबीस तेवढे जागच्या जागी राहिले! तेव्हा पंचवीस-तीस वर्षं वकिली केलेली सीनियर मंडळी नवी पुस्तकं घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. त्यांत कमीपणा कुणाला वाटला नाही.

जाणार का, हे तुम्ही दोघंही विचारत नाही आणि मला ते कळतं. खरं सांगते, माझं आणि निखिलचं अजून एकमत नाही. अहवाल पाच वर्षं चालतो. तो हातात असला की ठरवायला सवड मिळते, एवढंच. वय वाढतं तसे गुण घटत जातात, म्हणून कागदांची जमवाजमव आत्ता. ठरेल तेव्हा सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन, आणि ते फोनवर नाही.

आता बाबा, तुमचं काम. बी.ए.च्या विद्यापीठात ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, अर्ज द्यायचाय. अधिकारपत्रावर सही करून सोबत पाठवलंय. गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग माझं, मग तुमचं नाव, आणि खाली आईचं. पासपोर्टवर मात्र लग्नानंतरचं आडनाव. हे दोघं एकच माणूस आहेत हे तिकडच्या कारकुनाला कळायला हवं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्राची प्रत अर्जाला जोडा. माझा संदर्भ क्रमांक पाकिटावर ठळक लिहायला सांगा. पाकीट बंद करून, जोडावर सही-शिक्का मारून विद्यापीठानेच थेट तपासणाऱ्या संस्थेला पाठवायचं. खिडकीवरचा माणूस ‘तुम्हीच टाका पोस्टात’ म्हणाला तरी घेऊ नका. मध्ये आपला हात लागला की ते बाद होऊ शकतं.

राहिलं एलएल.बी.चं पदवी प्रमाणपत्र. दिवाणखान्यातल्या फ्रेममधून ते काढा, रंगीत स्कॅन करून मला मेल करा आणि परत लावा. दुकानदार लॅमिनेट करून देतो म्हणेल. अजिबात करू देऊ नका.

आई, बाबांबरोबर तूही जा. रांग लांब असते आणि चिडले की ते फाईल तिथेच टेबलावर ठेवून बाहेर येतात.

तुमची,
सायली