काकू, तुमच्या प्रेसमधल्या पानांसाठी

प्रिय काकू,
सा. न.

माझ्या सायनोटाइप छापांचे, म्हणजे उन्हात उमटवलेल्या निळ्या छापांचे, प्रदर्शन लवकरच लागते आहे. भिंतीवर नाव माझे असेल. म्हणून त्याआधी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे. त्या भिंतीवर जे दिसेल त्यातले अर्धे तुमचे आहे, आणि तुम्ही ते आपणहून कुणाला सांगणार नाही.

निळा रंग कसा येतो ते कुणालाही शिकता येते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे सारखी घेऊन एकत्र करायची, मंद पिवळ्या दिव्याखाली कागदावर फासायची आणि अंधारात वाळू द्यायची. मग वर पान, पानावर काच, आणि सगळे उन्हात. जिथे ऊन पोचते तिथे प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. पानाखाली झाकलेले रसायन मात्र धुऊन जाते आणि कागद पांढरा राहतो. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधलेली ही रीत आजही जवळपास तशीच चालते. वैशाखाच्या दुपारी पाच-सात मिनिटे पुरतात, आभाळ भरून आले की अर्धा तासही कमी पडतो.

रसायनाचे काम एवढेच. पान काचेखाली कसे निजवायचे, हे मला तुम्ही शिकवले. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईच्या घरात झाडे दाबून वाळवायची लाकडी प्रेस असणारच, पण निवृत्तीनंतरही ती रोज उघडली जाते हे मी तुमच्याकडेच पाहिले. रद्दीच्या घड्यांत झाड ठेवायचे आणि ओलसर झालेला कागद रोज बदलायचा. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी धरते. पाकळी ताजी असतानाच बोटाने उलगडायची, कारण वाळल्यावर ती ऐकत नाही. उंच झाड कागदात मावत नसेल तर देठ कापायचा नाही, व्ही किंवा एन अक्षरासारखा दुमडायचा. हर्बेरियमचे, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचे, हे सगळे नियम माझ्या चित्रांचे नियम झाले. पान कागदाला पूर्ण टेकले नाही तर त्याच्या खाली प्रकाश शिरतो आणि कडा विरते. म्हणून ज्यांना माझ्या छापांतल्या रेषा धारदार वाटतात, त्यांनी तुमच्या रद्दीच्या गठ्ठ्याला श्रेय द्यावे.

आणि मूळ! गवत घ्यायचे तर मुळासकट, हा तुमचा आग्रह. चित्रासाठी मुळे कशाला, असे मला वाटायचे. पण माती हलक्या हाताने धुऊन ती मुळे कागदावर पसरली, छाप पाण्यातून बाहेर काढला, आणि निळ्यात पांढऱ्या तंतूंचे जे जाळे उमटले ते पाहून आपण दोघीही काही वेळ बोललो नव्हतो. तेव्हापासून प्रत्येक गवत मी पुरते घेते.

अ‍ॅना अ‍ॅटकिन्सची ओळखही तुमच्याकडूनच झाली. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात राहणारी ही बाई लंडनच्या वनस्पतिशास्त्र मंडळाची सदस्य होती. हर्शेलच्या शोधानंतर वर्षभरातच, १८४३ मध्ये, तिने ब्रिटिश शैवालांच्या सायनोटाइप पुस्तकाचा पहिला भाग काढला. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. तुम्ही मला तिची चित्रे दाखवलीत तेव्हा बोट मात्र खाली लिहिलेल्या नावांवर ठेवलेत. ती नावे हाताने लिहून त्याच निळ्यात छापलेली आहेत. “हिने शोभेसाठी केलेले नाही हे, ओळखता यावे म्हणून केले आहे,” असे तुम्ही म्हणालात. मी नक्षी शोधत होते, तुम्ही मला झाड बघायला लावलेत. एकदांडीच्या बीवरचा केसांचा झुपका, हंसराज या नेच्याच्या काळ्या दांडीवरची पंख्यासारखी पानुली, टाकळ्याच्या पानांच्या जोड्या: हे ओळखू आले तरच छाप जमला, असे मी आता मानते.

कास पठारावर गेलो होतो तेव्हा तुम्ही एका फुलालाही हात लावू दिला नाहीत. छापायला रस्त्याकडेचे तण पुष्कळ आहे, म्हणालात, आणि परत आल्यावर सोसायटीच्या कंपाउंडला लागून उगवलेला माका आणि आघाडा काढून दिलात. या प्रदर्शनातली सगळी झाडे तशीच, कुणी मुद्दाम न लावलेली आहेत. मला याचा फार अभिमान आहे.

कागदाचे निभले, तो शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणत होतेच. अडले होते कापडाचे. नव्या सुती कापडात खळ असते. द्रावण आत मुरत नाही, आणि धुताना निळे वाहून जाते. ती काढायला सोडा घालून उकळावे, तर सोड्याचा अंश राहिला की निळा पिवळट पडतो. तेव्हा तुम्ही काकांची जुनी धोतरे माझ्यापुढे ठेवलीत. वर्षानुवर्षे धुतली गेलेली, मऊ, खळीचा मागमूस नसलेली. साबण निघून जावा म्हणून साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळली, शेवटच्या पाण्यात किंचित लिंबूसत्व टाकले, आणि निळा असा बसला की नव्या कापडावर मला तो कधी मिळाला नव्हता. ती धोतरे देताना तुम्हाला काय वाटले असेल, हे मी तेव्हा विचारले नाही. आजही विचारत नाही. त्यांची गोधडी केली आहे. मधल्या चौकोनात काकांना आवडणारा हंसराज आहे, विहिरीच्या कडेचा. धुवायची वेळ आली तर रिठ्याने, हेही तुम्हीच सांगितलेले.

सायनोटाइपमध्ये नेच्याच्या पानामागचे बीजाणूंचे ठिपके उमटत नाहीत. त्यात दिसते ती सावली, आणि पाकळी पातळ असेल तर तिच्यातून झिरपलेला फिका निळा. म्हणून प्रत्येक छापाशेजारी तुमचा वाळवलेला नमुना लावते आहे, एक पान उलटे करून चिकटवलेला, तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठीसह. गोधडी विकायची नाही, ती तुमच्याकडे परत येईल.

एका गवताच्या छापाखाली नावाची जागा कोरी ठेवली आहे. त्याचा तुरा मला दोन जातींपैकी कुठल्याच वर्णनाशी नीट जुळवता आला नाही. नमुना जपून ठेवला आहे. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दहाला रिक्षा घेऊन येते. भिंग पिशवीत टाकून ठेवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची विद्यार्थिनी