नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

थंडीत घुबडांचे फोटो काढायला गेलो आणि हाती जे लागलं, ते बरंचसं अनोळखी मंडळींमुळे.

बुंध्याशी पडलेले राखाडी गोळे दाखवून "आधी खाली बघा, मग वर," म्हणणारे काका, तुमचे आभार. मी ती विष्ठाच समजत होतो. गोळा फोडला तर आत केस आणि उंदराची इवलीशी कवटी! न पचलेलं सगळं घुबड असं तोंडावाटे बाहेर टाकतं.

घुबडाला त्रास नको म्हणून फ्लॅश लावताना मला अडवणाऱ्या ताई, तेव्हा राग आला होता खरा. पण आयएसओ (कमी उजेडात फोटो टिपायचं कॅमेऱ्याचं सेटिंग) ३२०० वर नेऊन, ट्रायपॉड लावून काढलेला तोच फोटो सगळ्यांत बरा आलाय. फोटो जरा रवाळ झालाय, दाणे दिसतात, दिसू देत.

गारठ्यात माझ्या बॅटरीनं मान टाकली, तेव्हा खिशात उबेला ठेवलेली स्वतःची बॅटरी देणारा तो मुलगा! कॅमेरे एकाच कंपनीचे निघाले, नशीब. पाचच मिनिटांत आखूड कानांचं घुबड गवतावरून अगदी खालून गेलं. पंखांचा आवाज शून्य.

आणि घुबडांना त्रास नको म्हणून त्यांच्या ढोलीची जागा मला शेवटपर्यंत न सांगणारे आजोबा, तुमचेही आभार. मनात तुम्हाला खडूस म्हटलं होतं, माफ करा.